बावखलातली खुर्ची

साहेबांनी फाईलमधून फोटो वर काढला, टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "ही सही तुमचीच का?"

सही माझीच होती. फोटोही माझाच होता. काळा-पांढरा, उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं केलेली सही. फक्त वरच्या बाजूला दोन भोकं पाडून तो अर्जाला दोऱ्यानं बांधला होता. एक भोक बरोबर ढगात पडलं होतं. त्या ढगासाठी मी अख्खी सकाळ उन्हात उभी राहिले होते.

"माझीच," मी म्हटलं.

"मग आता तुमचं म्हणणं काय आहे?"

म्हणणं पुष्कळ होतं. पण बाजूच्या बाकावर यमुनाकाकी बसल्या होत्या आणि त्या माझ्याकडे बघायला तयार नव्हत्या. फोटोतही त्याच होत्या. तिथे मात्र खुर्चीत ताठ बसून, मांडीवर सोनचाफ्याची टोपली घेऊन त्या थेट माझ्याकडे बघत होत्या. समोरच्या भिंतीला टेकून त्यांचा पुतण्या प्रीतेश उभा होता. डोक्यावर गॉगल, हातात मोबाईल. अर्ज त्याचा होता, आणि अर्जाला पुरावा म्हणून माझा फोटो जोडला होता. वाडीतलं बावखल कधीच बुजून गेलं आहे, तिथे आता सपाट जमीन आहे, तेव्हा उरलासुरला खड्डा भरून घ्यायला परवानगी द्यावी, असं त्या अर्जात म्हटलं होतं.

तिथे पाणी होतं. काठोकाठ होतं. आणि ते नाही असं सांगायला माझी सही वापरली होती.

आधी मी कोण ते सांगते. मी फोटोग्राफर आहे. राहायला एव्हरशाईन सिटीत, लग्नानंतर इथली झाले. पोटासाठी मी वसई पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये तयार होणाऱ्या मालाचे फोटो काढते. व्हॉल्व्ह, बिजागऱ्या, पंप, प्लास्टिकचे डबे. मागे पांढरा कागद, दोन बाजूंना दोन लाइट, मध्ये व्हॉल्व्ह. याला प्रॉडक्ट शूट म्हणतात. त्यात व्हॉल्व्ह व्हॉल्व्हासारखाच दिसावा लागतो. सावली जरा इकडची तिकडे झाली तर मालक फोन करतो, "मॅडम, हमारा माल टेढा दिख रहा है." आठवडाभर वस्तू जशा आहेत तशा दाखवून मला रविवारपर्यंत वीट येतो. मग मी दुसरा कॅमेरा उचलते.

त्या दुसऱ्या कॅमेऱ्याबद्दल चार शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचा घोळ कळणार नाही. डोळ्यांना दिसतो त्यापलीकडे एक प्रकाश असतो. त्याला इन्फ्रारेड म्हणतात. कॅमेऱ्याला तो दिसू शकतो, पण कंपनी आत एक काच बसवून तो अडवते, कारण त्यानं फोटोतले रंग बिघडतात. मी माझ्या जुन्या कॅमेऱ्यातली ती काच काढून घेतली आणि तिच्या जागी उलट काम करणारी बसवली. आता त्या कॅमेऱ्याला तोच प्रकाश दिसतो, बाकी काही नाही. हिरवी पानं हा प्रकाश परतवून लावतात, म्हणून झाडं पांढरीशुभ्र येतात. पाणी तो पिऊन टाकतं, म्हणून पाणी काळं येतं. निळं आकाशही काळं. केळीची बाग अशी दिसते की भर मे महिन्यात वसईत बर्फ पडला असावा.

यात कॉम्प्युटरवरची जोडाजोडी मी करत नाही. जे समोर असेल तेच घ्यायचं, पण बघणाऱ्याला ते खरं वाटता कामा नये. या प्रकाराला मराठीत अतिवास्तव असा जड शब्द आहे. यमुनाकाकींना तो सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे नसता उद्योग."

काकींची नि माझी ओळख अशाच उद्योगातून झाली. निर्मळ गावात केळीची पानं शोधत फिरताना मी चुकून त्यांच्या वाडीत शिरले. त्यांनी हटकलं, मी कॅमेरा दाखवला, त्यांनी चहा दिला. काकी आणि त्यांचे यजमान हरीकाका, दोघंच वाडी बघतात. सोनचाफा, मोगरा, थोडी केळी, अळू. वाडीच्या मधोमध बावखल. आमच्या भागात नवीन आलेल्यांना हा शब्द ठाऊक नसतो. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, पण घाट बांधलेलं, देवळापुढचं वगैरे नव्हे. वाडीसाठी पूर्वजांनी खोदून ठेवलेला मोठा खोल खड्डा. पावसाळ्यात भरतो आणि मग उन्हाळा संपेपर्यंत झाडांना पाजतो.

"बोअर मारून बघितली आम्ही," हरीकाका म्हणाले होते. "खारं लागतं. चाफ्याला घातलं तर पानं करपतात."

"हेच पानी," काकी म्हणाल्या. "हे आहे तोवर आम्ही आहोत."

बावखल मात्र एकट्या काकींचं नव्हतं. ते त्यांच्या सासऱ्यांचं आणि चुलत सासऱ्यांचं, दोघांचं सामाईक. चुलत सासऱ्यांचा नातू म्हणजे प्रीतेश. तो लहानपणी त्याच वाडीत वाढला, आता माझ्याच कॉम्प्लेक्सपासून दोन गल्ल्यांवर फ्लॅटमध्ये राहतो. त्याच्या वाटणीची झाडं त्यानं आधीच काढली होती. तिथे त्याला लग्नाचं लॉन करायचं होतं. मध्ये हे बावखल यायचं.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला फक्त बावखल दिसलं होतं. पाण्यावर बारीक पानांचा थर आलेला. मुगाच्या डाळीएवढी पानं, एकाला एक चिकटून, काठापासून काठापर्यंत हिरवी सतरंजी. माझ्या डोक्यात लगेच आलं, ही सतरंजी माझ्या कॅमेऱ्यात पांढरी येणार. पांढरी, सपाट, कडक जमीन. आणि तिच्यावर खुर्ची ठेवली तर?

एका बाजूला जुन्या रहाटाचा दगडी ओटा पाण्याखाली बुडालेला होता. बाकी सगळीकडे कडा सरळ खाली उतरते, काठावरून पाय सुटला तर डोक्यावरून पाणी. ओट्यावर मात्र कमरेइतकंच. हरीकाका तिथे उतरले. काकींच्या ओटीवरच्या वेताच्या खुर्चीच्या पायांना आम्ही बांबू बांधले आणि ते ओट्याच्या फटींत बसवले. खुर्चीचे पाय बरोबर पानांच्या पातळीला आले. काठापासून खुर्चीपर्यंत फळी टाकली. काकी नवी मरून साडी नेसून, फुलांची टोपली घेऊन त्या फळीवरून गेल्या. काका पाण्यात उभे राहून ओरडत होते, "पडलीस तर मी नाय काढनार!"

"नका काढू. फोटो तरी राहील माझा," काकी म्हणाल्या.

फळी काढली तशी पानांच्या थरात काळी रेघ पडली. पाणी उघडं झालं की माझ्या कॅमेऱ्यात ते लगेच काळं दिसतं, म्हणून पानं परत जुळून येईपर्यंत आम्ही थांबलो. काकांना झाडामागे लपवलं. वारा पडला, ढग आला, मी बटण दाबलं. पाण्याचा एक ठिपका दिसत नव्हता. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून आधी झालेलं नव्हतं, आणि नेमकी तीच सफाई पुढे माझ्या अंगावर आली.

फोटो बघून काका चिडले. मरून साडी फोटोत दुधासारखी पांढरी आली होती. कापडाचा काही काही रंग या प्रकाशात टिकत नाही. "मी जिवंत असताना हिला पांढरं नेसवलंस?" ते म्हणाले. काकी मात्र बराच वेळ फोटो हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "माझं लग्नातलं एक चित्र आहे, त्यानंतर हेच."

पुढे एका हॉलमध्ये माझं छोटं प्रदर्शन झालं. लोक येऊन जे विचारतात तेच त्यांनी विचारलं. हे मोबाईलवर केलं का? रंगीत नाही का? प्रीतेशही आला. खुर्चीच्या फोटोसमोर उभा राहून म्हणाला, "मॅम, सॉल्लिड. काकी म्हणजे एकदम राणी वाटतेय. हॉलमध्ये लावायला एक द्या ना." घरचा माणूस, म्हणून मी त्याला एक प्रिंट भेट दिली. त्यानं सही मागितली, मी सही केली. खाली गाव लिहा म्हणाला, मी 'बावखल, निर्मळ' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. गाढवाच्या पुढे गीता वाचली असती तर परवडलं असतं. गाढव निदान ती वकिलाकडे घेऊन गेलं नसतं.

मग एका सकाळी काकींचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"बाय, तू आम्हाला विकलंस का?"

"काय झालं काकी?"

"तुझ्या चित्रात पानी नाही, असं सायेब म्हनतो. मी कोरड्यावर बसलेय म्हनतो. तू ये आनि तुझ्या तोंडानं सांग."

म्हणून मी त्या कार्यालयात साहेबांसमोर बसले होते. कुठलं कार्यालय ते सांगत नाही. सगळीकडे पंखे सारखेच असतात.

मी समजावायला सुरुवात केली. अगदी शांतपणे. इन्फ्रारेड म्हणजे काय, काच कुठली काढली, हिरवं पान पांढरं का येतं. दोन-तीनदा साहेबांनी मान हलवली. मला वाटलं, समजतंय. मग त्यांनी शिपायाला चहा सांगितला आणि मला म्हणाले, "मॅडम, विषयाला धरून बोला. फोटो खरा की खोटा?"

आता याला काय उत्तर द्यायचं? खोटा म्हटलं तर मी खोटे फोटो काढून खाली सही करणारी बाई. खरा म्हटलं तर बावखल कोरडं.

"खरा आहे," मी म्हटलं. "पण दिसतं तसं नाहीये."

"म्हणजे खरा आहे ना?"

"साहेब, ती पानं आहेत. पाण्यावर तरंगणारी."

"बरं. या बाई कशावर बसल्यात?"

"खुर्चीवर."

"आणि खुर्ची कशावर?"

मी बांबू, ओटा, फळी सगळं सांगितलं. प्रीतेश हसला. "साहेब, पाण्यावर कोण बसतं? काकी स्वतः मध्ये जाऊन बसलीय. साडीसुद्धा ओली नाही. बघा ना."

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "साडी ओली नाही," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर मला लोक म्हणत आले, तुमचे फोटो काय खरे नसतात, मनाचे खेळ. नातेवाईक म्हणाले, गाळ्यांचे मालक म्हणाले, नवरासुद्धा म्हणाला. तिथे कधी कुणी विश्वास ठेवला नाही. आणि ज्या एका ठिकाणी विश्वास ठेवायला नको होता, तिथे हा सरकारी माणूस माझ्या कलेवर देवाच्या मूर्तीसारखा विश्वास ठेवून बसला होता.

"तुम्ही जागेवर जाऊन पाहिलंत का?" मी विचारलं.

"फोटो आहे ना. वेगळी पाहणी करायची गरज पडली नाही."

निर्मळ तिथून रिक्षानं जाण्याइतकं जवळ. तेवढं जायचे कष्ट नकोत म्हणून हा माणूस माझा फोटो पुढे करत होता! मी पर्समधून मोबाईल काढला. बावखलाचा रंगीत फोटो त्यात होता. शूटच्या आधी जागा लक्षात राहावी म्हणून मी साध्या मोबाईलवर एक फोटो काढून ठेवते. तो मी साहेबांसमोर धरला. म्हटलं, आता तरी दिसेल.

साहेबांनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"हे तर लॉन आहे," ते म्हणाले.

"लॉनच आहे सर," प्रीतेश म्हणाला. "मी तेच सांगतोय."

मी फोटो परत पाहिला. हिरवी, एकसारखी, कापून ठेवल्यासारखी सपाटी. खरंच लॉन दिसत होतं. माझा काळा-पांढरा फोटो फसवतो म्हणावं, तर हा रंगीत तरी काय वेगळं सांगत होता? त्या क्षणी मला माझा धंदाच वाऱ्यावर सोडून द्यावासा वाटला.

काकी पहिल्यांदाच बोलल्या. साहेबांशी नाही, प्रीतेशशी. "तुझी आजी रोज ह्या पान्यातून कळशी भरून तुला आंघोळ घालायची. तू विसरलास?"

"काकी, तो इमोशनल मॅटर झाला," प्रीतेश म्हणाला. मोबाईलमधून मान वर न करता.

तो 'मॅटर' शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली. आवाज बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेला असणार, कारण दारात दोन-तीन डोकी आली.

"लॉन आहे ना? मग चालून दाखव! साहेब, तुम्ही चला, मी येते, हाही येऊ दे. या काठावरून त्या काठावर यानं सरळ चालत जायचं. तो चालत गेला तर मी इथे तुमच्यासमोर माझा कॅमेरा फोडते आणि लिहून देते की बावखल बुजलेलं आहे. चल, लॉनवरून चालायला काय भीती?"

"मॅडम, आवाज खाली," साहेब म्हणाले.

"नाही होणार खाली! फोटोला दोन भोकं पाडताना तुम्हाला कुणी आवाज खाली करायला सांगितलं होतं का?"

हे वाक्य विषयाला धरून नव्हतं, हे मलाही कळलं. पण आतून आलं होतं. साहेबांनी मागे पडलेल्या खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांनी प्रीतेशकडे पाहिलं. प्रीतेशनं मोबाईल खिशात टाकला. बहुधा तेवढ्यानंच त्यांच्या मनात काहीतरी हललं असावं. माझ्या शास्त्रानं हललं नव्हतं हे नक्की.

"जेवणाआधी जाऊन येऊ," ते म्हणाले.

त्यांच्या गाडीतून आम्ही निघालो. साहेब पुढे, मागे मी, काकी आणि दाराशी प्रीतेश. काकींच्या केसांत सकाळचा चाफा होता, त्याचा वास गाडीभर झाला होता. मला तो सहन होईना.

हरीकाका केळीला आधार लावत होते. गाडी बघून तसेच धावत आले. बावखल होतं तसंच होतं. वारा नव्हता. हिरवी सतरंजी काठापासून काठापर्यंत, कुठे फट नाही. ज्याला ठाऊक नाही तो खरंच चटई टाकून बसायला गेला असता. साहेब काठाच्या जरा अलीकडेच थांबले. मान पुढे करून पाहत राहिले.

"सपाटच दिसतंय की," ते म्हणाले. पण पुढे पाऊल टाकलं नाही.

"हो ना सर," प्रीतेश म्हणाला.

"मग जा," मी म्हटलं.

"आता मॅम, असं काय..."

"तुमचं लॉन, तुमचाच अर्ज," साहेब म्हणाले. "जा की पलीकडे. मलाही लिहायला बरं पडेल."

"शूज नवीन आहेत सर."

"काढ," मी म्हटलं.

त्यानं खरंच शूज काढले. मोजे काढले, ते नीट शुजांत कोंबले. पँट घोट्याच्या वर दुमडली. मला वाटत होतं, आता हसेल, आता म्हणेल, जाऊ दे सर, गंमत केली. पण चार माणसांदेखत मागे फिरायचं त्याच्या जिवावर आलं असावं. तो काठावर जाऊन उभा राहिला. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. याच काठावर लहानपणी खेळला होता तो. ओटा कुठल्या बाजूला आहे हेही त्याला ठाऊक असणार, पण तो उभा होता तिथे ओटा नव्हता.

त्यानं पाय उचलला.

खरं सांगते, मी हात पुढे केला नाही. रागाच्या भरात माणूस किती आंधळा होतो ते मला त्या दिवशी कळलं. साहेबांनीही केला नाही. त्यांना तर अजून ते लॉनच वाटत होतं.

काकी धावल्या. एवढ्या वयाची बाई, गुडघे दुखतात म्हणून गाडीत चढताना माझा हात धरावा लागला होता. तिनं मागून त्याची कॉलर पकडली आणि असा हिसका दिला की दोघंही मागे मातीत बसली.

"मेल्या, मरायचंय का तुला? दोन पुरुष पानी आहे इथं! पोहता येतं का तुला? येतं का?"

त्याचा एक पाय घोट्यापर्यंत हिरवा झाला होता. जिथे तो टेकला होता तिथे पानं बाजूला झाली होती आणि खालचं पाणी दिसत होतं. काळंभोर.

"तुझा बाप असाच पडलेला. तुझ्या आजोबानं केस धरून वर काढला," काकी म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले, आणि तिसरा घालायला उचललेला हात तसाच त्याच्या पाठीवर ठेवून त्या रडायला लागल्या. पुतण्या वाचला म्हणून की बावखल वाचलं म्हणून, ते मी विचारलं नाही. मला वाटतं पुतण्या.

हरीकाकांनी केळीचा आधाराचा बांबू आणला आणि काठावरून पाण्यात सोडला. बांबू गेला, गेला, आणि त्यांचा हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला तरी तळ लागला नाही. साहेब बघत होते. ते म्हणाले, "बाप रे." त्या दिवसातलं त्यांचं तेवढं एक वाक्य मला पटलं.

प्रीतेश शूज हातात घेऊन अनवाणीच रस्त्यापर्यंत गेला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅम, तुमचाच फोटो होता. मी काय वेगळं सांगितलं?" एवढं होऊनही हा प्रश्न त्याला विचारावासा वाटला! मी उत्तर दिलं नाही. द्यायला गेले असते तर काकींनी माझीही कॉलर धरली असती.

अर्ज नामंजूर झाला. त्याची प्रत वाचायला काकींनी मला बोलावलं. बावखलात पाणी असल्याचं प्रत्यक्ष पाहणीत दिसून आलं, ते भरता येणार नाही, वगैरे सगळं ठीक होतं. शेवटी एक ओळ होती. 'सोबत जोडलेले छायाचित्र दिशाभूल करणारे असल्याने विचारात घेतलेले नाही.' आणि कंसात छायाचित्रकार म्हणून माझं पूर्ण नाव. प्रीतेशनं दिशाभूल केली असं कुठेही नव्हतं. तो फक्त अर्जदार. साहेबांनी पाहणी न करता फोटोवर विश्वास ठेवला असं तर नव्हतंच नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी तणतणत गेले. "साहेब, दिशाभूल फोटोनं केली की फोटो जोडणाऱ्यानं?"

"मॅडम, निकाल तुमच्या बाजूनं लागलाय ना?"

"माझं नाव काढा त्यातून."

"सही तुमचीच आहे ना?" ते म्हणाले. झालं. जिथून सुरुवात झाली होती तिथेच आम्ही परत आलो. मी फोटो तरी परत द्या म्हटलं. तो आता रेकॉर्डला लागला होता. माझ्या सगळ्या कामातलं सर्वांत नीट काम, ढगात भोक पाडून, आज कुठल्यातरी कपाटात पडून आहे. प्रदर्शनं भरवणाऱ्या मोठमोठ्या लोकांना माझं काम जपून ठेवावंसं कधी वाटलं नाही, ते या कार्यालयानं कायमचं जपलं आहे.

काकींना मी हे सगळं तावातावानं सांगितलं. त्या मोगऱ्याला पाणी घालत होत्या. पाईप बावखलातच होता. "असू दे बाय," त्या म्हणाल्या. "पानी राहिलं ना. तुझं नाव काय, धुतलं की निघेल." माझं नाव अजून निघालेलं नाही आणि माझा रागही गेलेला नाही, पण तो मोगरा फुलला होता, त्यामुळे मी गप्प बसले.

माझ्या धंद्यातल्या नवीन मुलामुलींना मी एवढंच सांगते. फोटो काढताना वाटेल ती जादू करा. लोकांनी ओळखू नये इतकी चांगली करा. पण प्रिंट कुणालाही भेट देण्याआधी ती उलटी करा, आणि मागच्या बाजूला, पुसता येणार नाही अशा शाईनं लिहा: इथे पाणी आहे.